कामाला निघालेल्या सायकली

केंब्रिजच्या मध्यभागी पार्कर्स पीस नावाचं एक सपाट हिरवं मैदान आहे. एडवर्ड पार्कर हा ट्रिनिटी कॉलेजचा स्वयंपाकी. ही जमीन त्याच्याकडे खंडाने होती, म्हणून त्याचं नाव तिला चिकटलं. १६१३ साली ट्रिनिटीने नदीकाठच्या जमिनीच्या बदल्यात ती गावाला दिली, आणि तेव्हापासून ती गावाचीच राहिली. रणजितसिंहजी विद्यार्थी असताना इथे क्रिकेट खेळायचे. मैदानाच्या चार कोपऱ्यांना जोडणाऱ्या दोन डांबरी वाटा मधोमध एकमेकींना छेदतात. तिथे ओतीव लोखंडाचा जुना दिव्याचा खांब आहे. बाकी तिथे काही नाही. सिग्नल नाही, पोलीस नाही, रस्त्यावर रंगवलेले पट्टे नाहीत.

सकाळी आठ ते नऊ या वेळात त्या खांबाशी चारही बाजूंनी सायकली येतात. कुणी कुणाला वाट द्यायची हे दहा-पंधरा फुटांवरून नुसत्या नजरेने ठरतं. एक जण पायडल मारायचं थांबतो, समोरची जरा जोर लावते, आणि दोघं हातभर अंतरावरून निघून जातात. मी या गावात बरीच वर्षं राहते आहे, तरी या खांबापाशी थांबून बघत राहण्याची हौस फिटलेली नाही. मोटारीतून जाणारा माणूस काचेआड असतो, आपल्याला फक्त त्याची गाडी दिसते. सायकलवरचा माणूस सगळाच्या सगळा दिसतो. त्याचं वय, कपडे, घाई, दुखणारा गुडघा, कॅरिअरला काय बांधलंय, रात्री झोप झाली आहे की नाही, हे सगळं तो उघड्यावर घेऊन चाललेला असतो.

२०११ च्या जनगणनेत केंब्रिजमधल्या कामाला जाणाऱ्या लोकांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास लोकांनी आपण सायकलने जातो असं सांगितलं होतं. सगळ्या इंग्लंड-वेल्सचा आकडा तेव्हा जेमतेम ३ टक्के होता. फरक दहापटीचा आहे. पण हे लोक कोण, हे आकडा सांगत नाही. ते बघायला रस्त्यावरच यावं लागतं.

सगळ्यांत आधी निघतात ते ॲडनब्रुक्स हॉस्पिटलचे लोक. डिसेंबरात आठ वाजले तरी सूर्य नीट वर आलेला नसतो, आणि हे साडेसहालाच हिल्स रोडवर असतात. गाव एवढं सपाट की त्यांच्या रोजच्या वाटेवरचा चढ म्हणावा असा एकच, रेल्वेवरचा पूल. त्या चढावर सीटवरून उठून पायडल मारणाऱ्या मल्याळी परिचारिका, फिलिपिनो परिचारक, साफसफाईचं काम करणाऱ्या पोर्तुगीज बायका, मागे एखादी तरुण डॉक्टर. गळ्यातली ओळखपत्राची पट्टी जॅकेटच्या बाहेर फडफडत असते. तासाभराने रात्रपाळीचे लोक उलट दिशेने येताना दिसतात. जाणाऱ्यांचे पाय आणि येणाऱ्यांचे पाय यांत फरक असतो. येणारे उतारावर पायडल मारत नाहीत, सायकल जाईल तेवढी जाऊ देतात.

या हॉस्पिटलपासून ग्रेट शेल्फर्ड गावाकडे जाणारी एक सायकलवाट आहे. तिच्यावर चार रंगांचे १०,२५७ पट्टे ओळीने रंगवलेले आहेत. बीआरसीए-२ नावाचं जे जनुक आहे, ज्याच्यातल्या बिघाडामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्याची अक्षरं क्रमाने मांडलेली आहेत. एका अक्षराला एक रंग. हे जनुक उलगडण्याचं मोठं काम जवळच्याच हिंक्स्टनच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये झालं. देशाच्या सायकलवाटांच्या जाळ्याचा दहा हजारावा मैल म्हणून २००५ साली ही वाट खुली झाली. तिच्यावरून तपासणीला जाणाऱ्या बायका असतात, त्यांच्यावर उपचार करणारे असतात, आणि शाळेला उशीर झालेली, पट्ट्यांकडे ढुंकूनही न बघणारी मुलंही असतात. विज्ञानाचं स्मारक चौथऱ्यावर न ठेवता लोकांच्या चाकाखाली अंथरलं, हे मला या गावाचं फार मोठं शहाणपण वाटतं.

साडेआठ वाजले की रस्ता आईबापांचा होतो. पुढे लांबट लाकडी खोका बसवलेल्या सायकली मुळात डेन्मार्क आणि हॉलंडकडच्या. आता इथे प्रत्येक शाळेच्या दाराशी त्यांची रांग लागते. खोक्यात दोन मुलं समोरासमोर, दप्तरं, डबे, एखाद्या व्हायोलिनची पेटी. पाऊस असला की वरून पारदर्शक तंबू. विजेवर चालणारी असली तर किंमत एखाद्या बऱ्या जुन्या मोटारीएवढी. तरी लोक घेतात, आणि का घेतात ते त्यांच्या शेजारून गेलं की ऐकू येतं. मोटारीत मूल मागे पट्ट्याने बांधलेलं असतं आणि आईला आरशातून बोलावं लागतं. इथे ते हँडलच्या पुढ्यात असतं, आणि सबंध वाटभर दोघांच्या गप्पा चालतात. मिल रोडवर एकदा अशाच एका सायकलवरून मराठी ऐकू आली. आई दमात म्हणत होती, "पाय आत घे. हां, आता सातचा म्हण." आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर आवाज चढवत ते पोर म्हणत होतं, सात सक्कं बेचाळीस, सात साते एकोणपन्नास. सिग्नल हिरवा झाला आणि पाढा पुढे निघून गेला.

सात-आठ वर्षांची झाली की ही मुलं खोक्यातून बाहेर पडतात आणि स्वतःच्या छोट्या सायकलवर येतात. तेव्हाचा बाप बघावा. मूल रस्त्याच्या कडेला, बाप त्याच्या उजवीकडे आणि चाकभर मागे, म्हणजे मोटारी आणि मूल यांच्या मधोमध. केंब्रिजला डोंगर नाहीत, पण फेनच्या पाणथळ मैदानांवरून येणारा वारा आहे. तो अडवायला वाटेत काहीच नसल्यामुळे काही दिवस सबंध गावच चढावर असल्याचा भास होतो. अशा दिवशी बापाचा डावा हात मुलीच्या पाठीवर असतो. ढकलत नसतो, नुसता टेकवलेला असतो. तिला वाटतं आपणच चालवतोय, आणि ते खरंही असतं. एवढ्यासाठी रस्ता किती रुंद लागतो? दोन सायकली शेजारीशेजारी मावतील एवढाच. पण तेवढा द्यायचा म्हणजे कुठल्यातरी मोटारीची उभं राहायची जागा काढून घ्यावी लागते. नगरपालिकांच्या सभा तिथेच अडतात. इथेही अडल्या आहेत, वर्षानुवर्षं. केंब्रिज सायकलिंग कॅम्पेन नावाची नागरिकांची संघटना १९९५ पासून एकेका चौकासाठी, एकेका दुभाजकासाठी अर्ज लिहिते, नकाशे काढते, बैठकांना जाऊन बसते. ॲडनब्रुक्सजवळच्या फेंडन रोडवर २०२० साली डच पद्धतीचा गोल चौक झाला. आधी सायकलवाला, मग मोटार, अशी पाळी ठरवणारा ब्रिटनमधला तो पहिला चौक. आज तिथून एकटं शाळेला जाणारं मूल दिसतं, त्यामागे असे कितीतरी अर्ज आहेत.

चकचकीत घट्ट कपड्यांतले, खाली वाकून वेगाने जाणारे लोकही असतात. बरेचसे बाहेरच्या गावांतून येतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या बसमार्गाच्या कडेची लांबलचक वाट धरून ते सेंट आइव्हजच्या बाजूने निघतात आणि ऑफिसात पोचल्यावर कपडे बदलतात. सायकलस्वार म्हटलं की वर्तमानपत्रांत चित्र यांचं येतं. रस्त्यावर ते थोडेच आहेत.

माझा जीव गुंतलेला आहे तो म्हाताऱ्या बायकांत. सत्तरी-पंचाहत्तरीच्या या बायका हेल्मेट घालत नाहीत. इथल्या कायद्याने सक्तीही नाही. डोक्याला रुमाल, पायात मोजे आणि जाड बूट, सायकल काळी आणि उंच हँडलची, पुढे चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली वेताची टोपली. टोपलीत लीकची जुडी, लायब्ररीची पुस्तकं, कधी चर्चसाठी नेलेली फुलं. निघताना एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने जमिनीला दोनदा रेटा देतात आणि मग सीटवर बसतात. माझे वडील टांग मारायच्या आधी असाच रेटा द्यायचे. वळायचं असलं की यांचा हात खांद्यातून सरळ आडवा होतो, बोटांपर्यंत ताठ, आणि वळण पूर्ण होईपर्यंत तसाच राहतो. त्यांना घाई नसते. मागे चार तरुण जमले तरी त्या वेग वाढवत नाहीत, आणि मागचे घंटी वाजवत नाहीत. कितीतरी जणी साठच्या दशकात इथे शिकायला किंवा नोकरीला आल्या आणि तेव्हापासून याच रस्त्यांवरून जात आहेत. इंजिनिअर लोक रस्त्याचा दर्जा डांबराच्या जाडीवरून ठरवत असतील. मी तो या बायकांवरून ठरवते. ज्या रस्त्यावर त्या दिसेनाशा होतात, तिथे काहीतरी बिघडलेलं असतं.

त्यांच्याच पुढच्या पायरीवर तीनचाकीवाले. काठीशिवाय पन्नास पावलं चालता येत नाहीत असा माणूस ती काठी सायकलच्या दांडीला अडकवून दोन मैलांवरच्या बाजाराला जाऊन येतो, कारण बसल्यावर वजन सीटवर जातं आणि दुखरे सांधे मोकळे होतात. हाताने चालवायच्या सायकलीही असतात. खांब, अरुंद फाटकं, पायऱ्या यांनी सर्वांत आधी अडतात तेही हेच.

केम नदीच्या काठाने जाणारे वल्हवण्याचे प्रशिक्षक ही इथली खास जात. नदीत आठ जणांची होडी, काठावर तिच्या बरोबरीने सायकल. चेहरा पूर्णवेळ नदीकडे, तोंडाने सूचनांचा भडिमार. काठावरून चालणाऱ्याने स्वतःला सांभाळावं, हा इथला अलिखित नियम.

आणि विद्यार्थी. ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू झालं की दोन आठवडे गावातल्या जुन्या रहिवाशांना जपून चालवावं लागतं. मुंबईच्या विसाव्या मजल्यावर वाढलेली, कधी सायकलला हात न लावलेली मुलं असतात. उजव्या बाजूने चालवायची सवय असलेली मुलं असतात. सेकंडहँड सायकलची चेन पहिल्याच दिवशी पडते आणि हात काळे करत बसलेला कुणीतरी प्रत्येक वळणावर दिसतो. पदवीधर व्हायला आलेल्या मुलांनी ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून दहा मैलांच्या आत परवान्याशिवाय मोटार ठेवायची नाही, असा विद्यापीठाचा नियम आहे. त्या नियमानेही या गावाला सायकलचं वळण लावलं. दरवर्षी कोवळ्या वयाची हजारो मुलं इथे येतात, आणि सायकलने कुठेही पोचता येतं हे अंगवळणी पडूनच जातात. नोव्हेंबर येईतो तीच मुलं झग्याचा घोळ एका हाताने आवरून, चाकात जाऊ न देता, कॉलेजच्या जेवणाला निघालेली असतात. नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' वाचलेल्या मराठी वाचकाला या गल्ल्या आणि ही कॉलेजं आधीच थोडी ओळखीची असतात.

किंग्ज परेड जिथे ट्रिनिटी स्ट्रीटला मिळतो त्या कोपऱ्यावर सेनेट हाउस आहे आणि समोर एक पुस्तकांचं दुकान. या जागी १५८१ पासून पुस्तकं विकली जात आहेत. २१ मे १८९७ रोजी सेनेट हाउसमध्ये मतदान होतं. स्त्रियांना पदवीचं निदान नाव तरी द्यावं का, एवढाच प्रश्न. गर्टन आणि न्यूनम ही मुलींची कॉलेजं तोवर पाव शतकाची झाली होती. मुली पुरुषांच्याच परीक्षा देत होत्या. १८९० साली न्यूनमच्या फिलिपा फॉसेटने गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लरहून, म्हणजे पहिल्या आलेल्या मुलाहून, वरचा क्रमांक मिळवला होता, पण तो किताब मात्र तिच्यासाठी नव्हता. मतदानाच्या दिवशी चौक पुरुषांनी भरून गेला. आणि समोरच्या पुस्तकांच्या दुकानावरच्या खिडकीतून त्यांनी एका बाईचा पुतळा दोरांनी टांगला. तो पुतळा सायकलवर बसवलेला होता. ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला, तेव्हा जमावाने पुतळा खाली ओढून फाडला आणि त्याचे अवशेष न्यूनमच्या दारापर्यंत नेले.

त्या चौकाचं छायाचित्र उपलब्ध आहे. मी ते पुष्कळदा पाहिलं आहे आणि दरवेळी माझी नजर पुतळ्याच्या चाकांवर जाते. विरोध पदवीला होता. मग पुतळ्याच्या हातात पुस्तक का दिलं नाही? मला वाटतं, पुस्तक वाचणारी बाई खोलीत असते. सायकलवरची बाई कुठल्या रस्त्याने जायचं आणि किती वाजता परतायचं हे स्वतः ठरवते. घोडागाडीवाला नको, सोबतीला भाऊ नको. त्या पोरांना काय खुपत होतं ते त्यांनी अचूक टांगलं होतं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या वर्षी इथल्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकत होते. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, ते सीनियर रँग्लर झाले आणि मराठी घराघरांत त्यांचं नाव पोचलं. पुढे त्यांची मुलगी शकुंतला न्यूनममध्ये गणित शिकायला आली. तोवर मुलींना पदवीचं नाव मिळू लागलं होतं, पण नुसतं नावच. विद्यापीठाने स्त्रियांना खरीखुरी पदवी दिली ती १९४८ साली. आज त्याच कोपऱ्यावरून संशोधक मुली, प्राध्यापक बाई, केकच्या दुकानात कामाला जाणारी पोरगी, पोटाशी बाळ बांधलेली आई, अशा एकामागून एक सायकलने जात असतात. वर बघायला कुणालाच फुरसत नसते. मला ते फार आवडतं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. त्या मिळाल्या की शाळा सुटत नाही, हे सांगणाऱ्या शिक्षिका मला मराठवाड्यात भेटल्या आहेत.

संध्याकाळी मिल रोडवर वेगळेच लोक असतात. पाठीवर चौकोनी पिशवी, हँडलवर फोन, नजर रस्ता आणि पडदा यांच्यात वाटलेली. हॉटेलच्या दाराशी वाट बघत उभे असतात. त्यांच्यातल्या एका मुलाने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही पुण्याच्या का?" तो जळगावकडचा. एमएस्सी झाली, नोकरीच्या मुलाखती देतोय, तोवर हे. "पुण्यात होतो तेव्हा बुलेट घ्यायचं चाललं होतं माझं," तो म्हणाला. "इथं सायकलवर भागतंय." पैसे फेरीवर, थांबण्याचे नाहीत. समोरून वारा असला की तासाला एक फेरी कमी होते, असा त्याचा हिशेब. कुठल्या रस्त्यावर कुठे खड्डा आहे हे त्याला तोंडपाठ होतं, कारण पिशवीत सूप असलं तर खड्ड्याआधी सीटवरून किंचित उठावं लागतं. गावातले लोक सर्वांत जास्त चिडतात ते या मुलांवर. फुटपाथवरून जातात, लाल सिग्नल तोडतात, कायद्यात न बसणाऱ्या ताकदीच्या मोटारी सायकलला लावतात. तक्रारी खऱ्या आहेत, आणि अंधारात अशी जड सायकल अंगावर आली की भीती वाटते. पण फक्त फेरीवर पैसे देणारी व्यवस्था ज्यांनी उभी केली, ते कुठल्याच रस्त्यावर दिसत नाहीत. दिसतो तो हा मुलगा, म्हणून राग त्याच्या वाट्याला येतो. रोज सायकलवर सर्वांत जास्त तास काढणारा माणूस आज बहुतेक तोच आहे. सायकलस्वारांच्या कुठल्याही चित्रात त्याला आधी जागा मिळायला हवी.

पुण्याचं नाव निघालं की मला थांबता येत नाही. आमच्या लहानपणी जी नावं सायकलच्या दांड्यांवर असायची ती बहुतेक याच देशातल्या गावांची देणगी. रॅले नॉटिंगहॅमची. हर्क्युलिस बर्मिंगहॅमची. बीएसए ही तर बर्मिंगहॅमच्या बंदुका करणाऱ्या कारखान्याची आद्याक्षरं. दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली जी सायकल आपण ओळखतो ती कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने १८८५ मध्ये बाजारात आणली, आणि हवेचं टायर डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला. स्वातंत्र्यानंतर हर्क्युलिस मद्रासजवळ आणि रॅले आसनसोलला तयार होऊ लागल्या. पण त्या सायकलींचा खरा संसार मी पाहिला तो पुण्यात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा, हे वडील सांगायचे. टिळक रोडवर सकाळच्या कॉलेजच्या मुली तिघी-तिघी शेजारून जायच्या. मीही त्यांत होते, साडीगार्डवाल्या लेडीज सायकलवर, एस. पी. कॉलेजकडे. महापालिकेचा बिल्ला, दिव्याचा डायनॅमो, डबलसीटला पोलीस, पॅंटला क्लिप लावलेले मास्तर, कॅरिअरला चक्कीचा डबा. प्राध्यापक, कारकून, फिटर, दूधवाला आणि मुलगी एकाच रस्त्यावर एकाच उंचीवर.

पुढे आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या, १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली. दोन्ही पुण्याच्याच. लूना आली तेव्हा कितीतरी बायकांना आणि म्हाताऱ्यांना खरंच आराम मिळाला, आणि त्यात गैर काही नव्हतं. गैर झालं ते नंतर. रस्ते रुंद केले ते मोटारींच्या वेगासाठी, चौक मोठे केले ते मोटारींच्या वळणासाठी, आणि ज्याला सायकल सोडायची नव्हती त्यालाही ती सोडावी लागली. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं सुंदर संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या बीएसए आणि हंबर बघताना मन भरून येतं, आणि बाहेर रस्त्यावर पाय ठेवताना धडकी भरते. आज पुण्यात सायकलवर दोन टोकं उरली आहेत. एक, रविवारी पहाटे सिंहगडाकडे जाणारी महागड्या सायकलींची मंडळी, ज्यांच्याबद्दल मला मनापासून कौतुकमिश्रित माया वाटते. दुसरी, ज्यांना दुसरं काही परवडत नाही ती माणसं. मधला सगळा अफाट जनसमुदाय, मास्तर, मुली, आजोबा, चक्कीचा डबा, गळून गेला. पार्कर्स पीसच्या खांबाशी मी जी बघते ती हीच मधली माणसं आहेत. ती इथे व्यायामाला निघालेली नसतात आणि नाइलाजानेही निघालेली नसतात. दूध संपलंय, शाळा भरतेय, कामाची पाळी सुरू होतेय, म्हणून निघालेली असतात.

मागच्या हिवाळ्यात कोथरूडला भावाकडे राहिले होते. त्याच्या सोसायटीचे रात्रीचे रखवालदार जनता वसाहतीतून सायकलने येतात, दांडेकर पुलावरून, म्हात्रे पुलावरून. साठीला टेकलेले. जुनी काळी ॲटलास, मागच्या मडगार्डला पांढरा पट्टा. सकाळी सहाला घरी निघायच्या आधी ते चाकांत हवा बघत होते, तेव्हा मी बोलायला थांबले. दिवसपाळी का नाही घेत, विचारलं.

"दिवसा येता येत नाही ताई, सायकलनं. गाड्या अंगावर येत्यात. रात्रीचा नऊनंतर रस्ता जरा मोकळा असतो. म्हणून मीच रातपाळी मागून घेतली."

मी कुठे राहते हे त्यांना भावाकडून कळलं होतं. तिकडं मोठे लोक पण सायकलवर जातात म्हणे, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना मागनं हॉर्न मारतात का?"

"मारतात कधीकधी, मामा. पण नियम असा आहे की सायकलला ओलांडून जाताना मोटारीने निदान दीड मीटर लांबून जायचं. २०२२ मध्ये वाहतुकीच्या नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलंय."

"दीड मीटर म्हंजे किती?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, स्वतःचे हात तसेच पसरले आणि डावीकडच्या बोटांपासून उजवीकडच्या बोटांपर्यंत नीट बघितलं. मग म्हात्रे पुलावर हे कसं जमवायचं, त्याचा विचार करत ते मला पुलाची रुंदी, बस कुठून वळते आणि कठड्याशी वाळू कुठे साचते ते एकेक करून सांगू लागले.